मथुराबाई भिंतीवर बसत नाहीत

चित्र भिंतीला लावणं हे एक काम आहे, हे आमच्याकडे कुणाला पटत नाही. ‘खिळा ठोकला, अडकवलं, झालं. त्यात काय एवढं?’ हे वाक्य मी माझ्या जावेपासून वाचनालयाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. सुरुवातीला मी समजावून सांगायची. नंतर नुसती हातोडी समोरच्याच्या हातात द्यायला लागले. आपल्या हातानं एक चित्र वाकडं लागलं, की माणूस आपोआप गप्प बसतो.

चिखलीत आमचं वाचनालय आणि वाचनालयाच्या माडीवर एक लांबट खोली. आधी तिथं जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि मोडक्या खुर्च्या होत्या. तालुक्यातल्या चित्रकारांना आपली चित्रं दाखवायला जागाच नाही अशी ओरड झाली, तेव्हा मंडळानं गठ्ठे रद्दीत घातले, भिंतींना पांढरा रंग दिला आणि दारावर ‘कलादालन’ अशी पाटी लावली. मी खाली पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर होते. शाळेत असताना मी चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा पास झाले होते, तेवढ्या भांडवलावर माझी रवानगी वर झाली. निवृत्त होईपर्यंत ती खोली माझ्याकडेच राहिली. खरं सांगते, माहेर सोडताना रडले नव्हते तेवढी ती खोली सोडताना रडले.

आता काम काय असतं ते सांगते. चित्राचा मधला भाग पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावा लागतो. पण पाहणारा कोण? मी बाईमाणसाची उंची धरायची. पुरुषांनी थोडं वाकलं तर काही बिघडत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर जलरंग लावायचे नाहीत, दुपारचं ऊन रंग खाऊन टाकतं. भडक चित्राला खेटून हलक्या रंगाचं चित्र लावलं, तर त्या बिचाऱ्याकडं कुणी ढुंकून पाहत नाही. चित्रकाराला आपलं प्रत्येक चित्र भिंतीवर हवं असतं. त्यातली निम्मी चित्रं त्याचं मन न दुखवता परत न्यायला लावणं हा या कामाचा सगळ्यात अवघड भाग, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एक नियम मात्र मी पहिल्या दिवसापासून पाळला. चित्र जमिनीवर टेकवायचं नाही. पाय लागतो, झाडू लागतो, ओल चढते.

पाहायला येणारे तर एकेक नमुने. कितीतरी जण एस.टी.ला वेळ आहे म्हणून पंख्याखाली बसायला येत. मी कधी कुणाला हाकललं नाही. पंख्यासाठी आलेला माणूसही कंटाळून शेवटी चित्राकडं पाहतोच. एका बाईंना डोंगरामागचा सूर्यास्त फार आवडला, फक्त तो त्यांच्या सोफ्याला जुळेल असा हिरव्या रंगात काढून मिळेल का, एवढंच त्यांना हवं होतं. जानेफळचे एक काका बैलजोडीच्या चित्रासमोर उभे राहून चित्रकाराशी तावातावानं भांडले.

“हा डावा बैल लंगडून राह्यला. असा बैल कोनी जुपते काय?”

“काका, चित्र आहे ते.”

“चित्र असन, पन बैल तं बैलच हाय ना!”

शेवटी तेच चित्र त्यांनी विकत घेतलं. बगलेत मारून जिना उतरताना म्हणाले, “याले घरी नेऊन आराम देतो जरा.” चित्रावर इतका विश्वास ठेवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पण मला सांगायचं आहे ते संगीताच्या प्रदर्शनाबद्दल.

संगीता उंद्रीची सून. घरच्या मळ्यातली भाजी घेऊन अमडापूरच्या आठवडी बाजारात बसते. एकदा ती मुलीसाठी गोष्टींचं पुस्तक न्यायला वाचनालयात आली आणि बिचकत बिचकत पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली. वर मेथीच्या जुड्या, खाली चित्रं. गिऱ्हाईक नसलं की ती बाजारातल्या बायांचे चेहरे पेन्सिलीनं काढायची आणि घरी गेल्यावर सवडीनं रंगवायची. मी पहिला कागद उलगडला आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिले. भाव सांगायच्या आधी हनुवटी वर करणारी म्हातारी, सुटे पैसे नाहीत म्हणून वैतागलेली बाई, पदरात तोंड लपवून हसणारी दुसरी. हे कुणी शिकवून येत नाही. मला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला म्हणूनच चित्रं चांगली आहेत याची खात्री पटली.

हनुवटी वर केलेल्या म्हातारीचं नाव मथुराबाई. भाजीवाल्या बायांच्या ओळीत सगळ्यांत जुन्या. कुणी कुठं बसायचं, कुणी कुणाच्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही, हे सगळं त्या ठरवत. संगीता नवी नवी बाजारात आली तेव्हा तिला कुणी जागा देईना. मथुराबाईंनीच आपली टोपली सरकवून तिला शेजारी बसवून घेतलं होतं.

मी मंडळाकडून प्रदर्शन मंजूर करून घेतलं. फ्रेमा मी स्वतः निवडल्या, काळ्या पट्टीच्या, काचेच्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सगळी चित्रं भिंतीवर चढली. समोरच्या भिंतीवर, मधोमध, मथुराबाई. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मी चित्रं वर-खाली करून पाहिली, पण चेहऱ्यांच्या नजरा काही केल्या माझ्या नजरेला मिळत नव्हत्या. सगळ्या बाया छताकडं पाहत होत्या.

पाहुण्यांच्या आधी आपल्या बायांना चित्रं दाखवायची असं संगीतानं ठरवलं होतं. बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून ती त्यांना काळीपिवळीत बसवून चिखलीला घेऊन आली. त्या जिना चढत होत्या तेव्हा मी पश्चिमेच्या खिडकीला पडदा बांधत होते, दाराकडं पाठ करून.

इथं आमच्या शेषरावांची ओळख करून द्यायला हवी. शेषराव वाचनालयाचे शिपाई. खालच्या दालनात थोर पुरुषांच्या तसबिरी आहेत. त्या पुसायच्या, आणि जयंती-पुण्यतिथीला त्यांना हार घालायचा, हे काम शेषराव नोकरीला लागल्यापासून करत आले. उद्याच्या पाहुण्यांसाठी आणलेले हार ओल्या फडक्यात गुंडाळून ते वर घेऊन आले होते. समोर भिंतीवर काळ्या फ्रेममध्ये, काचेआड, एक म्हातारा चेहरा दिसला. शेषरावांचा हात सवयीनं पुढं झाला आणि त्यांनी मथुराबाईंना छान टपोऱ्या झेंडूचा हार घालून टाकला.

“अरेरे! कोन वारली व हे?”

मी वळून पाहिलं. दारात मथुराबाई उभ्या होत्या आणि चित्राला हात जोडत होत्या. मथुराबाई पुढं झाल्या, काचेजवळ गेल्या, डोळे बारीक करून चित्रातलं लुगडं पाहिलं आणि मग अंगावरचं.

“अवो माय! हे तं मीच हाव!”

पुढचा गोंधळ मी काय सांगू. “मले जित्तेपनी मारून टाकलं व यायनं!” म्हणून त्यांनी जो सूर लावला, तो खाली वर्तमानपत्र वाचत बसलेल्या मंडळींपर्यंत पोचला आणि तीही जिन्यात येऊन उभी राहिली. शेषरावांनी हार ओढून काढला आणि पाठीमागं लपवला. “माय, चुकलो. हात आपसूक गेला वं,” म्हणताना त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

हार निघाला म्हणजे प्रश्न मिटला, असं मला वाटलं. मी तसं म्हणालेही. मथुराबाई माझ्याकडं वळल्या.

“हाराचं नाही, बाई. हार तं गेला. पन हे काच लावून मले भितीवर टांगलं, ते? माह्या घरी भितीवर माहा सासरा हाय. माही सासू हाय. माहा मालक हाय. तिथं जित्तं कोनी हाय काय, सांगा बरं?”

आमच्या बैठकीतही भिंतीवर गेलेलीच माणसं आहेत. जिवंत असलेली मोबाईलमध्ये. इतकी वर्षं चित्रं लावून माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण माणसाच्या एकट्या चेहऱ्याचं, चौकटीतलं, आणि ते माणूस पुढ्यात येऊन उभं राहील असं चित्र आमच्या दालनात तोवर लागलंच नव्हतं. तिथं झाडं, देवळं, बैल असायचे. बैल तक्रार करायला येत नाहीत.

तोवर बाकीच्या बायांनीही आपापल्या चेहऱ्यांकडं संशयानं पाहायला सुरुवात केली होती. “आमचेबी उतरवा.” लसूण-अद्रक विकणाऱ्या जुबेदाबी तेवढ्या शांत होत्या. “आमच्यात तं घरात तसबीर लावतच नाही, बाई. पन हिनं इतक्या मोहबतीनं काढलं म्हनून मी बसली होती. आता मथुराच नाही म्हनते, तं माहंबी उतरवा.”

माझं डोकं तापलं. तापायला मला फार लागत नाही. मी म्हणाले, शहरांत मोठमोठ्या दालनांत जिवंत माणसांचीच चित्रं लावतात, कुणाला काही होत नाही. उद्या सकाळी उद्घाटन आहे, पत्रिका वाटून झाल्या, नागपूरहून पाहुणे निघतील, आणि तुम्ही असल्या गोष्टीवरून हट्ट करता? आवाज जरा जास्तच चढला असेल. संगीतानं माझ्या दंडाला हात लावला.

“ताई, राहू द्या. नाही भरवाचं परदर्शन.”

“अगं, वेडी झालीस का? परत अशी संधी येणार आहे?”

“नसन येत. पन मले यायच्यातच बसाचं हाय, ताई. मावशी रुसली तं मी बाजारात कुठी बसू? अन् जागा गेली तं हे तोंडं मले दिसतीन कुठी?”

ती रडत नव्हती. तिनं ठरवून टाकलं होतं, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. एवढी गुणी पोर, तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन उघडण्याआधीच गुंडाळायचं होतं आणि ते मीच माझ्या हातानं उतरवायचं होतं. दुसऱ्या कुणी हात लावला असता तर काचा फुटल्या असत्या. मी स्टुलावर चढून एकेक चित्र खाली देत गेले. बांधायला पुठ्ठे यायचे होते. तोवर शेषरावांनी जुनी सतरंजी अंथरली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी चित्रं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवू दिली. दात-ओठ खात, पण दिली.

जिना चढून आणि ओरडून मथुराबाई दमल्या होत्या. त्या आपल्या चित्राशेजारीच खाली बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे जुबेदा इकडं कायले ठेवली? ते माह्या उजव्या हाताले बसते.”

जुबेदाबींनी मुकाट्यानं आपलं चित्र उचलून उजवीकडं नेलं आणि त्याच्या बाजूला बसल्या. “अन् हे हासरी? हे तिकडं, पार कोन्यात. इच्या तोंडापायी गिऱ्हाईक भाव इसरते.” कोपऱ्यात जागा झाली. एकेक करत सगळ्या चेहऱ्यांची हलवाहलव झाली, आणि जी ती बाई आपापल्या चेहऱ्याशेजारी टेकली. माझ्या खोलीत अमडापूरचा बाजार बसला होता.

मी मधोमध उभी होते. खाली पाहिलं, आणि सगळ्या बाया माझ्याकडंच पाहत होत्या. चित्रातल्यासुद्धा. दुपारभर छताला लागलेल्या त्या नजरा आता सरळ माझ्या डोळ्यांत येत होत्या. बरोबरच होतं. भाजीवाली खाली बसते आणि उभ्या गिऱ्हाइकाकडं मान वर करून पाहते. संगीतानं ते जसंच्या तसं काढलं होतं आणि मी त्या बायांना उचलून गिऱ्हाइकाच्या उंचीवर नेऊन टांगलं होतं.

माझा आवाज एकदम खाली आला. “मथुराबाई, चित्रं अशीच ठेवली तर? अशी, खाली?”

त्यांनी आपल्या चित्राकडं एकदा पाहिलं. “बशेल चालते,” त्या म्हणाल्या. “बशेल मानूस जित्तं असते.”

संगीता तेव्हा रडली. मग मात्र मी कुणाला बसू दिलं नाही, कारण आता काम होतं आणि ते माझं होतं. ओल चढू नये म्हणून प्रत्येक चित्राखाली घराघरांतून मागून आणलेले पाट मांडले. पाटांवर अडत्याकडची धुतलेली पोती. काचा काढून टाकल्या, त्यानं तसबिरीची अर्धी कळा उतरली. पाय लागू नये म्हणून पुढं सुंभाची दोरी अंथरली, बाजारात जागा आखायला टाकतात तशी. भिंतीवरचे दिवे खाली वळवले. शेषराव न सांगता धावत होते. दिवेलागणीला सगळं लागलं तेव्हा भिंती कोऱ्या होत्या आणि खोली भरलेली होती. असं दालन मी आधी लावलं नव्हतं आणि नंतरही लावलं नाही.

उद्घाटनाला नागपूरचे एक निवृत्त कलाशिक्षक आले. आत शिरल्यावर कोऱ्या भिंतींकडं पाहून ते क्षणभर गोंधळले, मग खाली पाहिलं आणि उकिडवेच बसले. भाषण करायचं आहे याची अध्यक्षांना त्यांना दोनदा आठवण करून द्यावी लागली. उठताना गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा दोघांनी धरून उभं केलं. मागोमाग बाकीचेही बसायला लागले. आमच्या गावात लोक प्रदर्शन चालत चालत पाहतात. जिलबी वाटपाच्या रांगेपेक्षा चित्रांची रांग लवकर संपते. त्या दिवशी लोक उठेनात. मथुराबाई आपल्या चित्राशेजारी ठाण मांडून होत्या आणि फार वेळ पाहणाऱ्याला विचारत होत्या, “घ्याचं नाही तं बसले कायले, भाऊ?”

ही कल्पना कुणाची, असं नागपूरच्या पाहुण्यांनी विचारलं. मी म्हणाले, “अमडापूरच्या बाजाराची.” पण लावलं मी, हेही सांगून टाकलं. का सांगू नये?

एकच रुखरुख आहे. त्या ओळीचा, सगळ्या बाया आणि सगळी चित्रं एका रांगेत दिसतील असा नीट फोटो कुणी काढला नाही. सगळ्यांनी स्वतःचे सेल्फी काढले, मागं कुणाचा तरी कान आणि एक टोपली. आता त्या खोलीत चित्रांपेक्षा सभाच जास्त भरतात असं ऐकते. गेल्यावर बघवणार नाही म्हणून मी फारशी जात नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली होती. मी आणि संगीता बांधाबांध सुरू करणार, एवढ्यात मथुराबाई आल्या. एकट्याच, एस.टी.नं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “आता ते माहं चित्र वर लावा बरं.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “वर? भिंतीवर? त्या दिवशी तर तुम्ही सगळी चिखली गोळा केली होती!”

“तवा मले कोनी इचारलं नोतं. आज मी सोता सांगून राह्यली.” त्यांनी बाकावर बैठक मारली. “मी मेल्यावर पोट्टे हे लावतीनच भितीवर. संगीनं मले देऊन टाकलं न ते. पन तवा मले थोडीच दिसनार हाय? सारं गाव पाहीन, अन् मीच तेवढी नाही. म्हनून आताच पाहून घेतो.”

संगीता “मावशी, असं नको ना बोलू,” म्हणत होती. मथुराबाईंनी तिला हातानंच गप्प केलं. मी हुक घेतला, दोरी बांधली, स्टुलावर चढले.

“जरासक खाली घ्या. सुनेचा हात पुराले पाह्यजे, पुसाले. हां. आता उजव्या अंगाले. लय झालं, मांगं या.”

चित्र लावून घेणारी इतकी कडक बाई मला कधी भेटली नव्हती. शेषराव दारात उभे होते. त्यांना पाहून त्या म्हणाल्या, “त्या दिवसचा हार कुठी हाय, भाऊ? नसन तं दुसरा आना खालून.” शेषराव माझ्याकडं पाहत राहिले. मी मान डोलावली. खालच्या कुठल्या तरी थोर पुरुषाचा ताजा हार घेऊन ते वर आले. हार त्यांनी अगदी नीट घातला, दोन्ही बाजू सारख्या.

मथुराबाई बाकावरून उठल्या. चित्रापासून जरा लांब, कुणाच्या घरी सांत्वनाला गेल्यावर आपण उभे राहतो तशा उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. चित्राकडं एकटक पाहिलं. मग त्यांनी स्वतःला हात जोडले आणि भिंतीवरच्या माणसाबद्दल आपल्याकडं जे म्हणतात तेच, त्याच सुरात, म्हणाल्या,

“चांगली होती बिचारी.”

आणि खो खो हसत माझ्याकडं वळल्या. “झालं पाहून. उतरवा मले आता. उद्या बाजार हाय.”